पारसिककडे तोंड करून

हे गेल्यावर भेटायला येणारी माणसं बहुतेक एकच विचारतात. लढाईत होते ना? काय काय सांगायचे? मी खरं ते सांगते, की फारसं काही सांगायचे नाहीत. ब्रह्मदेशात पूल बांधले, पाऊस फार होता, जळवा फार होत्या, एवढंच मुलांनाही माहीत आहे. येणाऱ्यांची जराशी निराशा होते. मग कुणीतरी भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोकडे बघतं आणि बोलणं शेवटच्या दुखण्याकडे वळतं.

मला सांगावंसं वाटतं ते लढाईतलं नाही. लढाई संपल्यानंतरचं आहे, आणि आमच्या कोपरीतल्या घराच्या मागच्या दारातलं आहे. ते भेटायला आलेल्या माणसाला चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगता येत नाही.

आमचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत हे लष्करातल्या इंजिनिअरांच्या तुकडीत गेले. मी सासरीच राहिले. मॅट्रिक झालेली सून घरात नुसती बसून काय करणार म्हणून मामंजींनी मला वाचनालयाची वर्गणी भरून दिली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, आणि तेव्हा निवृत्त झालेले. बोलणं कमी. सकाळ-संध्याकाळची संध्या कधी चुकली नाही. वर्तमानपत्र वाचताना ब्रह्मदेशाची बातमी आली की ते पान मोठ्यानं वाचायचे, मला ऐकू यावं म्हणून. माझ्याकडे न बघता वाचायचे.

घर भाड्याचं, कौलारू. पुढं ओटी, तिचं तोंड पश्चिमेला. मागच्या दाराबाहेर तुळस आणि विहीर. विहिरीपलीकडे कुंपण नव्हतंच. भाताची काही खाचरं, मग मिठागरं, मग खाडी, आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. सूर्य त्या डोंगरामागून वर यायचा.

हे परत आले त्या दिवशी जेवणाआधी मामंजींनी विचारलं, जानवं आहे ना. ह्यांनी सांगितलं की नाही. तिकडच्या पावसात ते अंगाला चिकटून राहायचं, कातडी सोलवटायची, म्हणून काढून टाकलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हे पुढं म्हणाले की जेवणही सगळ्यांचं एका पातेल्यातलं असायचं, आणि टिनच्या डब्यात कसलं मांस आहे हे विचारायची सोय नव्हती.

ह्यांची तऱ्हाच तशी होती. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आणि न विचारलेलंही जे झाकून राहील ते सांगून मोकळं व्हायचं. पुढं कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत निर्वासितांची वस्ती झाली. तिथं बराकींची छपरं, पाण्याचे नळ, मोऱ्या यांच्या कामावर हे इंजिनिअर म्हणून लागले. तिथल्या कंत्राटदारांची हीच तक्रार असे. साहेब स्वतः टेप धरल्याशिवाय सही करत नाहीत, आणि मोरीला उतार कमी पडला तर आपलीच चूक म्हणून वर कळवतात, आम्हाला पांघरूण घालायलाही वाव ठेवत नाहीत.

मामंजी रागावले नाहीत. प्रायश्चित्ताचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, की हल्ली मला संध्याकाळी लवकर भूक लागते, माझं पान आधी वाढत जा. तेव्हापासून घरात रात्रीची जेवणं दोनदा व्हायला लागली. दिवे लागल्याबरोबर मामंजी एकटे जेवायचे, आणि ते उठून जागा सारवून झाली की हे बसायचे. दुपारी हे कामावर असत, पण रविवारी सकाळीसुद्धा मामंजींना लवकर भूक लागायची. लहानपणापासून वडिलांच्या उजव्या हाताला बसून जेवलेला मुलगा, चार वर्षांनी लढाईतून जिवंत परत आलेला. त्या रिकाम्या जागेबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

याच सुमाराला ह्यांचं ते मागच्या दाराचं सुरू झालं. पहाटे उजाडायच्या आधी उठून हे विहिरीपलीकडे जायचे आणि पारसिककडे तोंड करून उभे राहायचे. चांगलं लख्ख होईपर्यंत. तसंच संध्याकाळी. कल्याणहून येऊन, बूट काढून, तोंड धुऊन पुन्हा तिथंच, पूर्ण अंधार होईपर्यंत. थंडीत दिवस लहान झाला की ती वेळ ह्यांना कल्याणच्या फलाटावर गाठायची, तेव्हा हे आलेली गाडी सोडून द्यायचे आणि अंधार पडल्यावर पुढची घ्यायचे. उभे असताना कुणाशी बोलायचं नाही. उजवा हात मांडीशी, मूठ अर्धी मिटलेली, आणि अंगठा मधूनच हलायचा.

सासूबाईंनी पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघितलंस? संध्या करतोय. बोटांच्या पेरांवर जप चाललाय त्याचा." आणि मग, "कुणाला बोलू नकोस हं. दृष्ट लागते."

त्यांनी मागच्या पायरीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायला सुरुवात केली, अर्घ्यासाठी. हे कामावरून दमून आलेले असायचे. तांब्या दिसला की घटाघटा पिऊन टाकायचे. रिकामा तांब्या उचलताना सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. जानव्याशिवाय संध्या कशी, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं नाही. पण मन धरलं की आई असले प्रश्न बाजूला ठेवते.

मला त्यात काहीतरी जुळत नव्हतं. एकदा विहिरीवर पाणी काढताना मी ह्यांना सरळ विचारलं, तुम्ही तिथं काय करता.

हे म्हणाले की तिकडं या दोन वेळांना सगळ्यांनी उभं राहायचं असतं. उजेड येतो किंवा जातो तेव्हा डोळा फसतो, झुडूप आणि माणूस वेगळं ओळखता येत नाही. शत्रू येतो तो त्याच वेळी. म्हणून आचाऱ्यापासून साहेबापर्यंत सगळे खंदकात, हत्यार हातात धरून, अंगठा त्याच्या खटक्यावर ठेवून, समोर बघत उभे. त्याला स्टँड-टू म्हणतात. ब्रह्मदेशातल्या एकाही दिवशी ते चुकलं नव्हतं.

मी म्हटलं, "इथं कोण येणार आहे?"

"कोणी नाही. मला माहीत आहे ते." रहाटाचा दोर हातात धरून ते थोडे हसले. "पण घरात बसलो तर पाठ उघडी वाटते."

मी सासूबाईंना हे सांगितलं नाही. सांगायला हवं असंही वाटलं नाही. ज्यानं त्यानं आपापली समजूत करून घेतली होती, ते बरं चाललं होतं.

पण सासूबाईंनी ते संध्येचं मामंजींच्या कानावर घातलं होतं. आषाढातल्या एका संध्याकाळी त्या मामंजींचं पान वाढायला लागल्या तेव्हा मामंजी म्हणाले, "राहू दे. आज थांबतो." बाहेर पाऊस होता. हे लष्करातलं ते जाड मेणकापड डोक्यावरून घेऊन विहिरीपलीकडे उभे होते. अंधार पडल्यावर आत आले आणि त्यांनी शेजारी शेजारी मांडलेले दोन पाट पाहिले. मामंजी आधीच बसले होते. ह्यांनी पाय कोरडे केले, बसले. मामंजींनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, तोवर हे हात मांडीवर ठेवून थांबले. मग दोघं जेवले. ताकावर आल्यावर मामंजींनी विचारलं, छावणीतल्या नळाला पाणी आलं का. हे म्हणाले, आलं, पण दाब कमी आहे. एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री हे चार वेळा भात घेऊन जेवले.

नंतर आमच्या खोलीत हे मला म्हणाले, "अण्णांनी मला आहे तसा पदरात घेतलं गं." वडिलांबद्दल असं बोलणारा हा माणूस नव्हे.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे श्रावणी असे. गुरुजी यायचे, घरातले पुरुष बसून जुनं जानवं उतरवून नवं घालायचे, मग नारळीभाताचं जेवण. सासूबाईंनी त्या वर्षी गुरुजींना परस्पर सांगून टाकलं की दोघं बसतील, जानव्याचे दोन जोड आणा. मला हे कळलं तेव्हा आता गप्प राहून चालणार नाही हे उमगलं.

रविवार होता. हे मागच्या पायरीवर बसून स्टोव्हचा बर्नर साफ करत होते. मी सगळं सांगितलं. तांब्याचं, जपाचं, मामंजींना सांगितलेलं, श्रावणीचं. ह्यांनी बर्नर बसवला, पंप मारला, स्टोव्ह पेटवून ज्योत निळी आहे ना ते बघितलं आणि पुन्हा हवा सोडून विझवला.

"म्हणजे अण्णा त्यासाठी थांबतात," हे म्हणाले.

मी म्हटलं की श्रावणी होऊन जाऊ द्या. एक जानवं गळ्यात घातलं तर काय बिघडतं. सासूबाईंचं मन राहील, आणि पंक्तीही राहील.

"जानव्याचं काही नाही. घालेनही. पण उद्या मागं उभा राहीन तेव्हा घरात काय समजतायत आणि मी ते समजू देतोय, हे मला ठाऊक असेल." मग, "आज सांगतो त्यांना."

मी विनवलं नाही. ह्यांचा चेहरा मला दिसत होता. पुन्हा दोनदा पानं वाढायची, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो आम्हा दोघांनाही कळत होता.

त्या संध्याकाळी सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात बिरड्याचे वाल सोलत होते. मामंजींची संध्या झाली. ते पाणी तुळशीला घालायला मागच्या दाराशी आले, तोवर अंधार पडला होता आणि हे आत येत होते. दोघं दारातच समोरासमोर आले.

हे म्हणाले, "अण्णा, मी तिथं उभा राहतो ते संध्या करायला नाही."

मामंजींनी पाणी तुळशीला घातलं. मग म्हणाले, "ठाऊक आहे."

"आई म्हणते..."

"तुझ्या आईचं राहू दे. संध्याकाळची संध्या पश्चिमेला तोंड करून करतात. तुला मीच शिकवली. तू बघतोस पारसिककडे." मामंजी पायरीवर बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले होते, त्यामुळे बोलताना ते माणसाच्या जरा बाजूला बघत. "पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासमोर नको म्हणून बाहेर जातोस. मग पहाटेही दिसलास. पावसातही दिसलास. रागावलेला माणूस इतका नेमानं उभा राहत नाही."

"मग तुम्ही जेवायला थांबलात ते..."

"काहीतरी निमित्त लागतं माणसाला. तुझ्या आईनं आणून दिलं." माझ्या हातातला वाल सुटून खाली पडला तोसुद्धा ऐकू आला. मग मामंजी म्हणाले, "काय बघतोस तिथं?"

ह्यांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं, पण जरा जास्त. पूल बांधताना समोरच्या काठाकडे असं बघत राहावं लागे, ते सांगितलं. आपल्या शेजारी उभा असलेला एकजण एका पहाटे झुडूपच आहे म्हणाला आणि खंदकाच्या वर झाला तो गेलाच, तेही सांगितलं. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि नंतर कधी ऐकलं नाही.

मामंजींनी विचारलं, "आणि संपलं हे कोण सांगतं?"

"हुकूम येतो. मग सगळे खाली बसतात."

"इथं?"

"इथं कोण देणार? अंधार झाला की मीच येतो आत. पण बस झालं असं वाटत नाही."

"मी तीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांचे हुकूम वाचून दाखवले," मामंजी म्हणाले आणि उठले. "श्रावणीला बसू नकोस. गुरुजींना सांगतो तुला कामावर जायचंय म्हणून."

"त्या दिवशी मी घरी आहे अण्णा."

मामंजी वैतागून म्हणाले, "कठीण आहे तुझं."

श्रावणीला गुरुजी आले आणि मामंजींचे कल्याणचे चुलतभाऊ आले. सगळे ओटीवर बसले आणि हे मागं विहिरीच्या रहाटाला तेल घालत राहिले. विधी आटोपल्यावर आत आले तेव्हा चुलतसासऱ्यांनी विचारलं, "काय रे, साहेब झालास म्हणून जानवं जड झालं का?"

"जड नाही काका. घातलं तर रोजचं सगळं करायला हवं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोज करतोस की. दोन्ही वेळा करतोस."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. मामंजी नव्या जानव्याची गाठ चाचपत होते. हे सासूबाईंच्या जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आई, ती संध्या नसते गं. तिकडची सवय राहिली आहे. पहाऱ्याची."

सासूबाई आत आल्या. पातेल्यावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "हं," म्हणाल्या, आणि पाट मांडायला लागल्या. तीन मांडले. चौथा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मामंजी आत आले. त्यांनी आपल्या पाटाच्या उजव्या बाजूकडे हात केला. "तो इथं बसेल."

गुरुजींना एकदम आठवलं की त्यांना अजून एका घरी जायचं आहे आणि तिथं उशीर झाला आहे. त्यांना नारळ-दक्षिणा देऊन मामंजी दारापर्यंत पोचवून आले, अगदी आदरानं. चुलतसासरे दोन्ही बाजूंना बघून म्हणाले, "मला दुसरीकडे कुठं जायचं नाही बुवा. आणि नारळीभात मी सोडणार नाही." असं म्हणून त्यांनी आपला पाट हातभर लांब ओढला आणि बसले.

सासूबाईंनी वाढलं. कुणाच्याच पानात काही कमी पडू दिलं नाही. ह्यांच्या भातावर तूप वाढताना त्या ह्यांच्याकडे बघत नव्हत्या, पण धार बराच वेळ थांबली नाही. जेवताना मामंजींनी कल्याणच्या भावाला छावणीतल्या नळाची सगळी हकिकत सांगितली, दाब कसा कमी होता आणि ह्यांनी टाकी कशी उंचावर बसवली. ती त्यांनी इतकी लक्ष देऊन ऐकली असेल असं मला वाटलं नव्हतं. ह्यांनाही नसावं. हे मान खाली घालून जेवत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी मागच्या पायरीवर नेहमीसारखा तांब्या आणून ठेवला. मी बघत राहिले तेव्हा म्हणाल्या, "उभा राहतो तर तहान लागत असेल." दोन दिवस त्या ह्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. मग ते आपोआप निवळलं.

श्रावणीच्याच संध्याकाळी संधिप्रकाश संपत आला तसे मामंजी चौकटीला हात धरून मागच्या दारात आले. त्यांना विहिरीपलीकडचं कितपत दिसत होतं कोण जाणे. कोर्टात वापरत असतील त्या आवाजात त्यांनी हाक दिली, "चला. झालं. पान वाढलंय."

हे वळले. अजून थोडा उजेड होता, पारसिकची कड दिसत होती. एरवी हे एवढ्यात हलले नसते. क्षणभर उभे राहिले, मग मेणकापडाची घडी काखेत मारून चालत आले.

पुढं रोज संध्याकाळी मामंजी हाक द्यायचे. आजारी असले तर आतून द्यायचे. त्या हाकेआधी हे आले नाहीत आणि हाकेनंतर थांबले नाहीत. पहाटेचं उभं राहणं मात्र हळूहळू कमी झालं. पहिली मुलगी झाल्यावर त्या वेळेला ती रडत उठायची आणि ह्यांना तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवावं लागायचं.

पन्नास सालानंतर, धाकटी मुलगी चार-पाच वर्षांची असताना मामंजी गेले. मागोमाग सासूबाईही गेल्या. आम्ही डोंबिवलीत पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जागा घेतली. घर ह्यांनीच बांधलं, भिंतीची प्रत्येक ओळ स्वतः दोरी धरून बघितली. मागं नुसती शेतं होती आणि लांब मलंगगड. हे संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहायला लागले. हाक देणारं कोणी उरलं नव्हतं. मी द्यावी की काय, असा विचार करत दोन-तीन दिवस दाराशी घुटमळले. ती हाक माझी नव्हे असं वाटायचं.

पण मुलींनी आजोबांना कोपरीत ऐकलं होतं. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. जेवायची हाक अशीच मारतात एवढंच त्यांना माहीत. एका संध्याकाळी धाकटीला भूक लागली, ती मागच्या दारात जाऊन कमरेवर हात ठेवून ओरडली, "बाबा, चला. झालं. पान वाढलंय."

पान वाढलेलं नव्हतं. भाताला अजून कढ आला होता कुठं. सूर्यही पुरता बुडाला नव्हता.

हे तिच्याकडे वळून बघत राहिले, आणि आत आले. हात धुऊन पाटावर बसले, तिला उजव्या हाताला बसवलं, आणि रिकाम्या पानासमोर दोघं भात शिजायची वाट बघत बसले.